उपचारांचे दिवस घटले, खाड्यांचे काय?

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील कष्टकरी कर्करुग्ण आणि वैद्यकीय प्रगतीचा अपुरा हिशेब

४ एप्रिल २०२४ रोजी मुंबईच्या आयआयटीमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते रक्ताच्या कर्करोगावरील देशी कार-टी पेशी उपचारपद्धतीचे लोकार्पण झाले. अशा घटनांना ठळक मथळे मिळतात आणि ते योग्यही आहे. मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कर्करोगाच्या उपचारात आणखी एक बदल झाला, त्याची बातमी क्वचितच होते. अनेक रुग्णांच्या बाबतीत उपचाराला लागणारा वेळ कमी झाला. जेथे महिनाभर रुग्णालयाच्या दारात बसावे लागे, तेथे आठवडा पुरू लागला. काही रुग्णांना शिरेतून द्यावयाच्या औषधाऐवजी घरी घेता येणारी गोळी मिळाली. महिन्याचा पगार घेणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याचे घर मात्र अनेकदा यावरच उभे राहते किंवा मोडते.

हा फरक पाहण्यासाठी कर्नाटकातील बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांकडे पाहावे. महाराष्ट्राच्या नांदेड, लातूर, धाराशिव व सोलापूर जिल्ह्यांना लागून असलेला हा प्रदेश पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचेच तुकडे झाले. उदगीर, निलंगा व अहमदपूर तत्कालीन मुंबई राज्यात गेले, तर भालकी, हुमनाबाद, औराद तत्कालीन म्हैसूर राज्यात राहिले. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत आजही मराठी घराघरांत बोलली जाते. तूर, ऊस आणि शहाबादची फरशी ही या भागाची ओळख. शेतात काम नसले की मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर आणि गोवा या वाटा धरायच्या, हा येथील कष्टकऱ्यांचा शिरस्ता आहे. गोव्यातील बांधकामांवर राबणारे बिगारी, गवंडी आणि सेंट्रिंगवाले कोठून आले, असे विचारल्यास कलबुर्गी, बिदर, यादगीर, रायचूर ही नावे हमखास ऐकू येतात. त्यामुळे हा प्रश्न दूरच्या जिल्ह्यांचा असला, तरी गोव्याच्या दारातलाही आहे.

या माणसांच्या आयुष्याचा हिशेब रोजांत होतो. बुडालेल्या रोजाला ‘खाडा’ म्हणतात. कर्करोगाच्या शासकीय योजना शस्त्रक्रियेचा, औषधाचा, किरणोपचाराचा खर्च मोजतात. खाड्यांचा हिशेब त्यांपैकी बहुतेकींत नाही. वैद्यकशास्त्राने वाचवलेला वेळ कष्टकऱ्यापर्यंत पोहोचतो की वाटेतच विरतो, हे या त्रुटीवरून ठरते.

आखूड झालेला उपचार

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर द्यावयाच्या किरणोपचाराचे, ग्रामीण बोलीत ‘शेक’ देण्याचे, उदाहरण घेता येईल. पूर्वी पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, असे पंचवीस वेळा किरण देण्याची रीत होती. ब्रिटनमधील मोठ्या चाचण्यांनंतर २००८ च्या सुमारास तीन आठवड्यांत पंधरा वेळा किरण देणे पुरेसे असल्याचे मान्य होऊ लागले. ‘फास्ट-फॉरवर्ड’ या चाचणीचे पाच वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. चार हजारांहून अधिक रुग्णांच्या या अभ्यासात एका आठवड्यातील पाच किरणमात्रा तीन आठवड्यांच्या उपचाराइतक्याच परिणामकारक ठरल्या. हा मार्ग प्रत्येक रुग्णाला लागू पडत नाही आणि निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावयाचा असतो. परंतु ज्यांना तो लागू पडतो, त्यांच्या घरचा हिशेब पालटतो.

उदाहरणादाखल रोजची मजुरी ४०० रुपये धरू. रुग्ण स्त्री आणि तिच्यासोबत राहणारे माणूस, अशा दोघांचे पाच आठवडे बुडाले, तर घरचे २८ हजार रुपये गेले. एका आठवड्यात काम झाले, तर ५ हजार ६०० रुपये. औषधोपचार दोन्ही वेळा मोफतच असला, तरी दोन्ही घरांची अवस्था सारखी राहणार नाही. पहिल्या घराला मुकादमाकडून उचल घ्यावी लागेल किंवा शेळी विकावी लागेल. दुसरे घर कदाचित तुरीच्या काढणीपर्यंत तग धरेल.

गोळ्यांच्या उपचाराचेही असेच आहे. २००१ मध्ये आलेल्या इमॅटिनिबने एका प्रकारच्या दीर्घकालीन रक्तकर्करोगाचे स्वरूपच बदलले. रोज गोळी घेऊन अनेक रुग्ण वर्षानुवर्षे कामावर राहू लागले. भारतात ती गोळी सामान्यांच्या आवाक्यात राहण्यामागे स्वस्त भारतीय पर्याय होते आणि १ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून ते पर्याय टिकले. महिन्याला लाखाच्या पुढे जाणारी किंमत आणि आठ-दहा हजारांची किंमत यांत जसा जगण्या-मरण्याचा फरक आहे, तसाच काम करत राहण्याचा आणि सोडण्याचाही आहे.

तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग या पट्ट्याला नवा नाही. तो उशिरा, पसरल्यावर हाती येतो, तेव्हा बरे होण्याची आशा थोडी असते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ४२२ रुग्णांवर केलेल्या चाचणीत शिरेतून दर तीन आठवड्यांनी दिलेले सिस्प्लाटिन आणि घरी घ्यावयाच्या दोन स्वस्त गोळ्या यांची तुलना झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान साडेसात महिने, तर सिस्प्लाटिन घेणाऱ्यांचे सहा महिन्यांच्या थोडे पुढे आढळले. गंभीर दुष्परिणामही गोळ्यांत कमी होते. हा विजय मोठा म्हणता येणार नाही. पण उरलेल्या महिन्यांतील कित्येक दिवस बसथांब्यावर आणि रुग्णालयाच्या ओसरीत जाण्याऐवजी घरात जाणे, याचे मोल त्या घरालाच ठाऊक.

हातावर पोट आणि हातावरच घाव

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. जी प्रगती कार्यालयात काम करणाऱ्यास सोयीची, ती शेतमजुरासही तितकीच सोयीची असेल, असे नाही. कॅपेसिटाबीन ही स्तनाच्या व आतड्याच्या कर्करोगात दिली जाणारी गोळी घरी घेता येते. तिचा एक परिचित दुष्परिणाम म्हणजे तळहात-तळपाय लाल होणे, सोलणे, दुखणे. संगणकावर बसणाऱ्याला तो त्रासदायक आहे. खुरपे धरणारीच्या, ऊसतोडीचा कोयता चालवणाऱ्याच्या किंवा घमेले उचलणाऱ्याच्या बाबतीत मात्र तो कामबंदीच होय. काही औषधांनी बोटांना बधिरता येते. गवंड्याच्या थापीला आणि कापूस वेचणाऱ्या बोटांना ती फार महाग पडते.

स्तनाच्या कर्करोगात काखेतील सर्व गाठी काढल्या की काही स्त्रियांच्या हाताला कायमची सूज येते. तो हात जड वाटतो, त्याने ओझे उचलणे धोक्याचे ठरते. आता अनेक रुग्णांत प्रथम एक-दोन ‘पहारेकरी’ गाठीच काढून तपासतात आणि त्या निर्दोष आढळल्या, तर उरलेल्या गाठींना हात लावत नाहीत. सुजेचे प्रमाण त्यामुळे बरेच कमी होते. या तंत्राची सर्वाधिक गरज कोणाला? डोक्यावर भारा वाहणाऱ्या बाईला. आणि ते सहज मिळते कोणाला? महानगरातील सुसज्ज रुग्णालयात वेळेवर पोहोचलेल्या बाईला. वैद्यकीय प्रगतीची ही वाटणी आकडेवारीत दिसत नाही, कारण रुग्ण काय काम करतो आणि उपचारानंतर त्याच कामावर परतला का, हे आपल्याकडे नोंदवण्याची सवयच नाही.

पाश्चात्त्य देशांत ही नोंद होते. ३६ अभ्यासांचा एकत्र आढावा २००९ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात कर्करोगातून वाचलेल्यांपैकी सुमारे ३४ टक्के लोक बेरोजगार आढळले, तर तुलनेतील निरोगी लोकांत हे प्रमाण १५ टक्के होते. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्याने कर्करोगाचे निदान झाल्या दिवसापासून त्या व्यक्तीला कामाच्या ठिकाणी अपंगत्वाचे संरक्षण दिले. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत कर्करोग नाही. आणि असता, तरी ज्याला नोकरीचे पत्रच नाही, त्या बिगाऱ्याला तो कोठे दाखवता आला असता, हा प्रश्न उरतोच.

उमरग्यापलीकडची शिकवण

काम बुडू नये, यासाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे रोग मुळातच गंभीर होऊ न देणे. याचा जगाने मान्य केलेला पुरावा या सीमाभागाच्या शेजारीच तयार झाला. आळंद व बसवकल्याण तालुक्यांच्या हद्दी धाराशिव जिल्ह्यातील उमरग्याला भिडतात. त्या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये एक अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी करून आवश्यक तेथे उपचार केले, तर बळावलेल्या रोगाचे आणि मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी दाखवले. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली, तीही बार्शीतच.

रोगपूर्व अवस्थेत सापडलेली विकृती अनेकदा बाह्यरुग्ण विभागातच काढता येते आणि स्त्री थोड्या दिवसांत कामावर परतते. तोच रोग तिसऱ्या अवस्थेत सापडला, तर किरणोपचार व औषधे मिळून दोन महिन्यांच्या आसपास काळ जातो आणि पुढे पूर्वीची ताकद परत येईलच, याची हमी नसते.

तपासणी दारात न पोहोचल्यास तिची जागा भीती घेते. २०१५ च्या सुमारास कलबुर्गी जिल्ह्यातील तांड्यांवरच्या लंबाणी व दलित स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने अनावश्यकपणे काढल्याच्या तक्रारी पुढे आल्या. पोटदुखी वा अंगावरून पाणी जाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या स्त्रियांना कॅन्सर होईल, असे भय घातल्याचे सांगितले गेले. पुढे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांबाबतही याच स्वरूपाचा प्रश्न गाजला. तेथे तर मासिक पाळीतील खाडे आणि त्यांबद्दलचा दंड टाळणे, हेही गर्भाशय काढून घेण्यामागचे एक कारण म्हणून समोर आले. ज्या रोगाची खात्री साध्या तपासणीने करता येते, त्याच्या नुसत्या नावाने शस्त्रक्रिया व्हाव्यात आणि त्यानंतर कंबरदुखी व अशक्तपणाने बायकांचे काम सुटावे, ही या भागातील वैद्यकीय प्रगतीची दुसरी बाजू आहे.

सीमेवर अडणारे कार्ड

उपचार जवळ असेल, तरच तो आखूड झाल्याचा लाभ होतो. कलबुर्गीत बंगळूरच्या किडवाई कर्करोग संस्थेचे उपकेंद्र आहे, बिदरमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०१७ मध्ये बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग पूर्ण झाला. तरीही गुंतागुंतीच्या उपचारासाठी राज्याची राजधानी सहाशे किलोमीटरच्या आसपास दूर पडते. हैदराबाद, सोलापूर, बार्शी ही ठिकाणे त्यामानाने हाकेच्या अंतरावर आहेत, पण ती दुसऱ्या राज्यांत. कर्नाटकाच्या ‘शक्ती’ योजनेमुळे जून २०२३ पासून स्त्रियांना राज्याच्या साध्या बसने राज्यात कोठेही फुकट जाता येते. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. रेल्वे मात्र उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर व तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सूट देते. या सवलतीची माहिती फार थोड्या घरांत पोहोचलेली असते.

पुनर्रचनेच्या रेषेचे राजकारण आरोग्य योजनांतही उतरले आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये बिदर, भालकीसह ८६५ गावांवरील दाव्याचा ठराव केला आणि २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना त्या गावांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. कर्नाटकाने त्यास हरकत घेतली. आयुष्मान भारत योजनेत राज्याबाहेरही कार्ड चालण्याचे तत्त्व आधीच मान्य झालेले आहे. दोन्ही राज्यांनी दाव्यांचा वाद न्यायालयात ठेवून परस्परांच्या रुग्णालयांची देयके भागवण्याचा साधा करार केला असता, तर औरादच्या रुग्णाला भाषेवरून किंवा गावाच्या यादीवरून हक्क सिद्ध करावा लागला नसता.

गोव्यातही हाच पेच आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे आणि जानेवारी २०१८ पासून गोवा वैद्यकीय महाविद्यालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क पडते. राज्याच्या तिजोरीवरचा भार पाहता यामागचा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. याच गोव्याने २०२३ मध्ये ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ उपक्रमातून स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर पर्टुझुमॅब-ट्रास्टुझुमॅबचे संयुक्त इंजेक्शन मोफत देण्यास सुरुवात करून देशापुढे उदाहरण ठेवले. शिरेतून काही तास देण्याचे औषध त्वचेखाली पाच ते आठ मिनिटांत देता येते. कामगार स्त्रीचा दिवस वाचवणारी याहून नेमकी प्रगती दुसरी सांगता येणार नाही. परंतु इमारत बांधण्यासाठी वर्षातले आठ महिने गोव्यात असणारी आणि पावसाळ्यात गावी परतणारी मजूर स्त्री ना इथल्या वास्तव्याच्या अटीत बसते, ना गावच्या रुग्णालयात दर तीन आठवड्यांनी पोहोचू शकते.

विमा कोणाचा?

बुडालेल्या रोजाची भरपाई देणारी व्यवस्था देशात नाहीच, असे नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. कर्करोगासह ३४ दीर्घ आजारांत, दोन वर्षे सलग नोकरी झाली असल्यास, ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. याच महामंडळाचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय २०१३ पासून कलबुर्गीत आहे. विसंगती अशी की, त्या वास्तूभोवतीच्या शेतांत, फरशीच्या खाणींत आणि बांधकामांवर राबणाऱ्या बहुसंख्यांचा या विम्याशी संबंध येत नाही. विमा नोकरीला जोडलेला आहे आणि त्यांना नोकरी नाही, फक्त काम आहे.

असंघटितांना रोख मदत देणे अशक्य आहे, हा आक्षेपही टिकत नाही. क्षयरोग्याला उपचारकाळात पोषणासाठी केंद्र सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये थेट खात्यात देते आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १ हजार रुपये झाली. रक्कम तुटपुंजी आहे, पण रुग्णाची नोंद, बँक खाते आणि उपचाराची हजेरी यांची सांगड घालणारी यंत्रणा देशभर उभी राहिली. कर्करोगाच्या उपचाराची हजेरी तर रुग्णालयात अधिक काटेकोरपणे लागते. त्या हजेरीवरच रुग्णाला आणि एका सोबत्याला किमान वेतनाइतकी रक्कम देता येईल. उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्यांची संख्या त्याने घटली, तर आधी केलेला लाखोंचा खर्च वाया जाणार नाही.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे आणि त्यांतील २०० त्याच वर्षी, असे उद्दिष्ट ठेवले. सकाळी जाऊन औषध घ्यावे आणि संध्याकाळी घरी यावे, ही कल्पना सीमाभागासाठी मोलाची आहे. मात्र केंद्र उघडणे हे अर्धेच काम झाले. तेथील पहिल्या कागदावर रुग्ण कोणते काम करतो, हे लिहिले गेले पाहिजे, म्हणजे दोन पर्यायी औषधांतून निवड करताना डॉक्टरांना त्याच्या हातांचा विचार करता येईल. तपासणीची शिबिरे टोळ्या ऊसतोडीला निघण्यापूर्वी तांड्यांवर व्हावीत. कर्नाटक, महाराष्ट्र, तेलंगण आणि गोवा यांनी परस्परांची कार्डे मानावीत. आणि दिलेल्या उपचारांच्या संख्येबरोबर किती रुग्ण सहा महिन्यांनी पुन्हा कामावर उभे राहिले, हाही आकडा दरवर्षी जाहीर व्हावा. असे झाले, तर पाच आठवड्यांचा उपचार एका आठवड्यावर आणणाऱ्या शास्त्राचा लाभ भालकीच्या शेतमजुरापर्यंत आणि गोव्यातील बांधकामावरच्या बिगाऱ्यापर्यंतही पोहोचेल.